सगळ्यांची तोंडं पुसून झाल्यावर

२ मार्च

चि. धाकटीस,

अ. उ. आ. (डोळ्यांच्या दवाखान्यात सिस्टर झालीस म्हणून आशीर्वादात कपात नाही.)

पाळणाघर जोरात आहे. बटाटा, म्हणजे तो गोबऱ्या गालांचा पोरगा, हल्ली चिपडांनी चिकटलेले डोळे घेऊनच येतो. मॅनेजर, म्हणजे ती चार वर्षांची कारभारीण, सगळ्यांना रांगेत बसवते आणि मी ओल्या फडक्यानं एका दमात सगळी तोंडं पुसून टाकते. फडकं रोज उकळते हो, नाहीतर तू तिथून ओरडशील.

माझ्या डोळ्यांचं विचारलंस. पापणीचे केस आत वळलेत, ते टोचतात. आरशासमोर बसून चिमट्यानं उपटते, की दोन दिवस बरं. मग पुन्हा उगवतात, आणखी ताठ. उजव्या डोळ्यापुढे धुकं असतं. वयाचा भाग, दुसरं काय! पण ऑपरेशनचं नाव काढू नकोस. मी आडवी पडले तर ही पिल्लं कुणी बघायची?

तुझी, ताई

९ मार्च

ति. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून लगेच लिहायला बसले. ताई, हा वयाचा भाग नव्हे, ही खुपरी आहे. लहानपणी तिची लागण पुन्हापुन्हा झाली की पापणीच्या आतून व्रण पडतात, आणि पुढे कित्येक वर्षांनी ते आक्रसून पापणीला आत ओढतात. केस बुबुळावर घासत राहतात. तुझं धुकं ते हेच, आणि घासून पांढरं झालेलं बुबुळ सहसा निवळत नाही. म्हणून घाई कर. ऑपरेशन पापणीपुरतंच असतं, त्याच दिवशी घरी सोडतात.

आणि बटाट्याला डॉक्टरांना दाखव. फडकं कितीही उकळलं, तरी रांगेत ते एकाच्या डोळ्यातलं दुसऱ्याच्या डोळ्यात नेतं. तोंडं वाहत्या पाण्यानं धू, प्रत्येकाला वेगळा रुमाल ठेव.

लोभ नेहमीचाच, काळजी मात्र जास्त.

धाकटी

१५ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद, रागावून का होईना.

म्हणजे मीच रोग वाटत फिरते? ज्या हातांनी तुम्हा चौघा भावंडांना वाढवलं ते हात आता घाण झाले? आयांच्या कानावर गेलं तर उद्या एक मूल दारात येणार नाही. शहाणपण तुझ्या वॉर्डात चालव.

ताई

२० मार्च

ति. ताईस,

पाया पडून, कान धरून सा. न.

तुझे हात कधीच घाण नव्हते. आई कामावर गेली की तू आम्हाला नळापाशी उभं करायचीस. फडकं एकच होतं. आधी आमची तोंडं, आणि सगळ्यात शेवटी, त्याच फडक्यानं, तुझं. आमचे डोळे तेव्हा बटाट्यासारखेच चिकटलेले असायचे. आमच्यापाशी जे होतं, ते सगळं रोज तुझ्या डोळ्यांत गेलं असणार. हे सुचलं तेव्हा मी ड्यूटीवर रडले.

रजा घेतली आहे. पाळणाघर मी सांभाळते, तू पापणी दाखवायला जा. नाही म्हणू नकोस, तुझी दृष्टी गेली तर मला सहन होणार नाही.

येतेच आहे.

धाकटी

१७ एप्रिल

चि. धाकटीस,

अ. उ. आ., या खेपेला न रागावता.

तू परत गेल्यावर दोन्ही पापण्यांच्या ऑपरेशनचे टाके काढले. धुकं होतं तेवढं आहे, पण आता वाढू नये, असं डॉक्टर म्हणाले. औषध सगळ्या पोरांना दिलं, ज्यांना काही होत नव्हतं त्यांनाही, आणि त्यांच्या घरच्यांनाही. आयांना मी उगाच भ्यायले. बटाट्याच्या आईनंच बाकीच्यांना गोळा करून आणलं. मॅनेजर आता रुमालांवर पहारा देते. परवा मी चुकून दुसऱ्याचा उचलला, तर सर्वांदेखत माझी हजेरी घेतली.

काल दुपारी पिल्लं झोपली आणि मी सहज डोळे मिटले. टोचलं नाही. उघडले, पुन्हा मिटले. तरी नाही. इतकी वर्षं मी डोळे मिटायला भीत होते, हे मला कालच कळलं बघ. मग कधी झोप लागली कोण जाणे. आया न्यायला आल्या तेव्हा पोरं जागी होती, आणि तोंडावर बोट ठेवून माझ्याभोवती गप्प बसली होती.

तुम्हा सगळ्यांची,
ताई