पेन्सिलीखालचा चेहरा

शिरपूर,
८ जानेवारी १९९५

प्रिय हिलाल,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, पण अक्षर तुझंच. बँकेत एवढी वर्षं काढून अजूनही 'र'ला तशीच लांब शेपटी काढतोस. पाच वर्षांनी पत्र आलं म्हणून आधी हात धुतले, मग फोडलं. वाचून झाल्यावर घडी घालून खिशात ठेवलं आणि कामाला गेलो. राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. तू जी निगेटिव्ह जाळून टाक म्हणतोस ती माझ्याकडेच होती, एवढं आधी सांगतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. तिचं काय केलं ते शेवटी लिहितो. मधली पानं सोडून शेवट वाचू नकोस, तुझी ती खोड मला माहीत आहे.

मी सध्या मतदार ओळखपत्रांच्या फोटोंचं काम करतो. ठेकेदाराला आम्हा पावरा आदिवासींची भाषा येणारा फोटोवाला हवा होता, तो दुसरा कुठे मिळणार होता. बोराडीच्या पुढे डोंगरातल्या गावांत जायचं, शाळेच्या भिंतीला पांढरी चादर बांधायची, स्टूल ठेवायचं आणि एकेकाला बसवायचं. दिवसाला दीडशे चेहरे होतात. इथे रिटचिंग वगैरे काही नाही. माणूस जसा बसतो तसा छापला जातो. सुरुवातीला माझा हात उगाच पेन्सिल शोधायचा. आता ती सवय गेली.

जीवराम नाना कार्तिकात गेले हे तुला कळलंच असेल. शेवटचे दोन महिने अंथरुणावर होते. मी तीनदा जळगावला जाऊन आलो, आपल्यातलं दुसरं कोणी आलेलं मला दिसलं नाही. पुतण्याने त्यांचा फोटो स्टुडिओ विकायला काढला. कपाटातल्या निगेटिव्ह तो त्यांतली चांदी काढून विकणाऱ्या माणसाला देणार होता. मी म्हटलं, मला दे, नानांची आठवण म्हणून. तसं त्याला काय, त्याने माझं रिटचिंगचं डेस्क आणि चार खोकी उचलून दारात ठेवली. एसटीच्या टपावर ते लाकडी छपराचं डेस्क चढवताना कंडक्टर म्हणाला, मामा, हे देवघर कुठे नेतोस. आपला फोटो तिसऱ्या खोक्यात होता, लग्नाच्या निगेटिव्हच्या खाली.

त्या डेस्कवर मी तुला पहिल्यांदा पाहिलं, तू मला पाहायच्या आधी. शहाऐंशी साल. तुझे आबा तुला स्थळासाठी फोटो काढायला घेऊन आले होते. नानांना म्हणाले, पोरगा सावळा शे, जरासा उजळ करी द्या. नानांनी निगेटिव्ह माझ्यापुढे ठेवली. मी आश्रमशाळेतून दहावी झालेला, चित्रकलेच्या दोन परीक्षा दिलेला, म्हणून नानांनी ठेवून घेतलेला. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरते तिथे कागदावर माणूस गोरा होतो. तुझ्या गालावर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर मी दोन तास सुईसारख्या टोकाने पेन्सिल फिरवली. भिवईखालचा व्रण मात्र ठेवला. तो का ठेवला असं तू नंतर विचारलंस, तेव्हा मी म्हटलं होतं, राहून गेला. राहून गेला नव्हता, मला तो आवडला होता.

जास्तीच्या प्रती न्यायला तू एकटा आलास, आणि मग रविवारी यायला लागलास. आपल्यातला माणूस नानांना चालण्यावरून कळायचा. रविवारी दुपारी शटर अर्धं खाली आणि वरच्या खोलीत सहा-सात जण. धुळ्याहून येणारे कॉलेजातले चिंधासर, घरी पेपर तपासायला जातो म्हणून सांगून यायचे. टेलरिंगचं दुकान टाकून येणारे मुख्तारभाई. बाकीचे कधी यायचे, कधी नाही. आठवडाभर तोंड मिटून बसलेले लोक तिथे मोठ्याने हसायचे, एकमेकांना अगं-तूगं करायचे. चिंधासर म्हणायचे, बाहेर जात आहे, गोत आहे, बायको आहे, पण आठे आपलं बठ्ठं एकच शे. इथे आपण सगळे एकच, हे मला फार आवडायचं. मी ते खरं धरून चाललो.

थंडीत भरिताचा बेत व्हायचा तो आठवतो का. मागच्या अंगणात काट्याकुट्या पेटवून वांगी मी भाजायचो. ती सोलणं, ठेचणं, फोडणी देणं नानांचं. मला दोन वर्षं वाटत होतं की भाजणं जमतं म्हणून ते काम माझ्याकडे आहे. एकदा नानांना ताप होता, तर मी वांगी ठेचायला घेतली. चिंधासरांनी येऊन हातातून काढून घेतली आणि म्हणाले, मामा, तू चुलीकडे बघ, हे आमचं आम्ही बघतो. गोड आवाजात म्हणाले. बाजारात आमच्या लोकांना सगळे मामाच म्हणतात, पण स्वतःच्या मामाला कोणी त्या सुरात हाक मारत नाही. आणखी एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. वर खोलीत माझ्या शेजारी कोणी बसायचं नाही, पण खाली जिन्यात तिघांनी वेगवेगळ्या वेळी माझा हात धरला होता. त्यात सरही होते. म्हणाले, तुम्ही डोंगरातले लोक अंगाने दणकट. मी हात सोडवून घेतला आणि कपबश्या विसळायला गेलो.

तू तसा नव्हतास. तू माझ्या शेजारी बसायचास, माझ्या ताटातलं खायचास. मेहरूण तलावाकडे आपण संध्याकाळी फिरायला जायचो. फक्त कॅमेऱ्याचा स्टँड मी खांद्यावर घ्यावा असं तुझं म्हणणं असायचं, म्हणजे बँकेतलं कोणी भेटलं तर फोटोवाल्याचा माणूस म्हणता येईल. मी घ्यायचो. फोटो एकही काढला नाही, पण स्टँड दोन वर्षं वाहिला. मला त्याचं ओझं वाटलं नाही हे खरं सांगतो. माझं तुझ्यावर प्रेम होतं, हिलाल. तेव्हा हा शब्द आपण वापरला नाही, आता लिहायला हरकत नाही.

मग अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीतला तो फोटो. सगळ्यांचा एकत्र, एकच, आणि प्रत कोणी घरी न्यायची नाही, ती नानांच्या कपाटात राहायची असं ठरलं. चिंधासरांनी नथ घातली, तू मुख्तारभाईंनी आणलेला गजरा कानामागे लावलास. फोटो मीच काढणार हे सगळ्यांनी धरलेलं. तू म्हणालास, गिलदार बसेल, नाना बटण दाबतील. कोणी नाही म्हटलं नाही, पण बाकावर जागा व्हायला जरा वेळ लागला. मी तुझ्या शेजारी बसलो. तू हात माझ्या गुडघ्यावर ठेवलास. माझ्या आयुष्यात तेवढा एक फोटो असा आहे ज्यात मी कॅमेऱ्यापुढे आहे.

प्रत निघाली आणि चिंधासर म्हणाले, एका माणसाने फोटो नासला. दिवे बाकीच्यांच्या रंगावर लावले होते, त्यात माझा चेहरा म्हणजे नुसता काळा डाग आणि दात. सगळे हसले. वाईट मनाने नाही, मीही हसलो. सर म्हणाले, मामाच्या हातात कला आहे, त्याने स्वतःला जरा आपल्यात आणावं. मी तुझ्याकडे पाहिलं. तू जिन्यात येऊन हळूच म्हणालास, कर ना थोडं, तुझ्या हातचं काम आहे, त्यांचं तोंड बंद होईल. निगेटिव्हमध्ये तुम्ही सगळे काळे होतात आणि मी एकटा पांढरा. मी चार दुपारी बसून स्वतःवर पेन्सिल फिरवली. आधी गाल उजळले, मग नाक बारीक वाटायला लागलं, मग ओठ फिके केले. कुठे थांबायचं ते कळलं नाही. दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर मला ते नेहमी कळायचं. मुख्तारभाईंनी एकदाच डेस्कशी वाकून पाहिलं आणि म्हणाले, बस झालं रे, अजून किती घासशील. नवी प्रत सगळ्यांना पसंत पडली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी तू तुझ्या बँकेत नाशिकहून बदलून आलेल्या त्या साहेबाला घेऊन आलास. गोरापान, अत्तर लावलेला, तोही आपल्यातलाच. नानांनी कौतुकाने कपाटातून तो फोटो काढून दाखवला. त्याने माझ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हा देखणा कोण. मी चहाचा ट्रे घेऊन त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. मग तू म्हणालास, नानांचा कोणी पाहुणा होता, इंदूरचा. साहेबाने कप उचलला आणि मला म्हणाला, मामा, साखर कमी टाकत जा. मी बरं म्हटलं. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. तुला दोष तरी कसा देऊ, तो चेहरा मीच तसा केला होता. पण त्या दिवशी आत काहीतरी बंद पडलं ते आजवर चालू झालं नाही. महिनाभरात मी इकडे परत आलो. तुझं लग्न ठरल्याचं नानांकडून कळलं. त्यानंतर तुझं एक चार ओळींचं पत्र आलं होतं, त्याला मी उत्तर दिलं नाही.

आता तुझा मेहुणा निवडणुकीला उभा आहे, आणि तो फोटो कोणाच्या हाती लागला तर प्रमिलावहिनींना, मुलींना तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. मी तुझं वाईट करणार नाही. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की माझ्यासाठी एवढं कर, तुला काय, तू त्यात ओळखूसुद्धा येत नाहीस. ते वाक्य वाचूनही मला काही वाटलं नाही. गुरुवारी आमच्याच गावात फोटो काढायचे होते. रांगेत माझी आई आली. स्टुलावर बसली, पदर नीट केला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्यातून पाहिलं तर तो माझाच चेहरा होता. तोच रंग, तेच नाक, जे मी चार दुपारी बसून घालवलं होतं. मागची माणसं ओरडायला लागली तरी माझ्याकडून बटण दाबलं जाईना.

शुक्रवारी मी डेस्क मांडलं, टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि निगेटिव्हवरचा माझा चेहरा पुसला. सहा वर्षांपूर्वीची पेन्सिल मिनिटभरात कापसावर आली. एक प्रत काढली. मग निगेटिव्ह आणि तिच्याबरोबर खोक्यात सापडलेल्या दोन्ही जुन्या प्रती चुलीत टाकल्या, सगळं जळेपर्यंत समोर बसून राहिलो. नव्या प्रतीतून तुम्हा सगळ्यांना कात्रीने कापून काढलं, तेही चुलीत गेलं. आता कोणाच्या हाती काही लागणार नाही, निर्धास्त राहा. उरलो आहे तो मी, जसा आहे तसा काळा, आणि माझ्या गुडघ्यावर मनगटापर्यंत तुझा हात. तो कापता आला असता, कापला नाही. आईने तो तुकडा भाताने भिंतीला चिकटवला, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, माझा पोरगा छान आलाय. मग तिने विचारलं, हा हात कोणाचा. मी म्हटलं, नानांचा कोणी पाहुणा होता, इंदूरचा.

तुझाच,
गिलदार