मे महिन्यातला स्वेटर

सर, तुमचं लोखंडी स्टूल शहाबादी फरशीवर ओढल्याचा तो कर्कश आवाज अजून ऐकू येतो. बाकीचे मोठे डॉक्टर खाटेशी उभ्याउभ्या बोलत, तुम्ही बसायचात. डॉक्टर बसला की पेशंट दोन वाक्यं जास्त बोलतो, म्हणायचात.

मलकपेठची ती शिलाईकाम करणारी बाई आठवते? मे महिना, पंखे गरम हवा ढवळतायत आणि ही स्वेटर घालून बसलेली. नवरा जाऊन चार महिने झालेले. थकवा, अंग जड, कशात मन नाही. मी नव्या नव्या उत्साहात दुःखाचं निदान केलं, टॉनिक लिहिलं, वर शाळेत पाठ केलेली विरहाची एक ओळही गुणगुणलो. घरी पाठवायचा कागद सहीसाठी पुढे केला. तुम्ही तो बाजूला ठेवून स्टूल ओढलंत.

"आवाज पहले से ऐसाच भारी है क्या?"

उत्तर तिच्या बहिणीने दिलं. "कहाँ का साब! पहले ये चिल्लाई तो गल्ली के बच्चे घर भागते थे. दुल्हाभाई अच्छेभले थे, तबीच बैठ गया आवाज."

तुम्ही तिच्या टाचेमागे हलकेच हातोडी मारलीत. पाऊल उडालं आणि परत यायला रेंगाळलं. रक्ततपासणीत थायरॉइड मंदावल्याचं निघालं, गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांनी ती दाखवायला आली, तेव्हा बाहेरच्या रांगेतलं तिचं भांडण आपल्याला वॉर्डात ऐकू आलं. तुम्ही किती हसलात!

पण त्या दिवशी व्हरांड्यात मला म्हणालात, "कविराज, पहिल्याच ओळीला यमक जुळवून मोकळे झालात. न जुळणारं काय होतं, पाहिलंत? दुःखाने थंडी वाजत नाही. आणि आवाज तर नवरा असतानाच गेला होता."

कान तापले होते. मग नारायणगुड्याच्या माझ्या दवाखान्यात चाळीस वर्षं मी प्रत्येक निदानाखाली एक ओळ कोरी सोडत आलो, न जुळणाऱ्या गोष्टीसाठी. बरे झालेले लोक माझे हात धरायचे. धरायला हवे होते तुमचे.

तुम्ही आता नाही आहात, हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगतो. बरकतपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. दोन महिने झाले, जिन्याच्या वळणावर थांबावं लागतं. छातीवर कुणी तळहात दाबून धरल्यासारखं. वय झालं, असं ठरवून टाकलंय. कोरी ओळ काही सोडली नाही.

एवढं लिहितोय तोच बेल वाजली. थोरली लेक, पुण्याहून, न कळवता!

"बाबा, दार उघडायला एवढा वेळ? आणि धाप कसली ही?"

"वय..." म्हणता म्हणता थांबलो. "हातपाय धुऊन ये. सांगतो."

आत नळ बंद झालाय. सर, मला भीती वाटतेय.