पत्नीस नजरेसमोर बसू देण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
कर्करोग विभाग, मुख्य रुग्णालय

विषय : इंजेक्शनच्या वेळी पत्नीस माझ्या खाटेशेजारी खुर्ची मिळण्याबाबत (अर्ज तिसरा).
संदर्भ : 'सोबत निरोगी नातेवाईक आणावा' हे आपले पत्र.

महोदय,

१. मी निवृत्त अभिलेखपाल. मुदत संपलेल्या कागदांना लाल चिठ्ठी लावून ते नष्ट करवणे, हे काम एकतीस वर्षे केले. आपल्या डॉक्टरीणबाईंनी समजावले, की पेशीतही असेच चालते. निकामी प्रथिनांवर खूण होते आणि ती मोडली जातात. पत्नीच्या मेंदूत हे काम नीट होईना, गाळ साचत गेला आणि तिला स्मृतिभ्रंश झाला. माझ्या रक्तातील कर्करोगाच्या पेशी मात्र याच कामाच्या जोरावर तग धरून आहेत. ते बंद पाडण्याचे इंजेक्शन मला दर मंगळवारी मिळते.

२. आमच्या खात्यात दोन कर्मचाऱ्यांची आपसी बदली होत असे. तशी या मोडण्याच्या कामाची बदली माझ्याकडून तिच्याकडे करता येईल का, असे मी पहिल्या अर्जात विचारले होते. त्यावर आपल्या कार्यालयात हशा पिकल्याचे कळले. ती मागणी मी मागे घेतो.

३. निरोगी नातेवाईक नाही. मला ती आहे आणि तिला मी. नियमाप्रमाणे ती सोबत म्हणून धरली जात नाही, त्यामुळे तिला बाहेर बाकावर बसवतात. मी डोळ्यांसमोर असेपर्यंत ती मला ओळखते. दोन तासांनी बाहेर आलो, की हे आजोबा कोण, असे रखवालदाराला विचारते. गेल्या मंगळवारी मी हात धरताच तिने आरडाओरडा केला. माझे मिस्टर न्यायला येणार आहेत, मी परक्याबरोबर जायची नाही, म्हणाली. रखवालदाराने मला अडवून पुरावा मागितला. त्यात त्याचे काही चुकले नाही. मी लग्नातला फोटो दाखवला. तिने तो हिसकावला आणि हेच माझे मिस्टर, असे येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागली. विभाग बंद होईपर्यंत ती त्याची वाट पाहत होती. मी शेजारी बसून होतो.

४. दोघांपैकी कुणीही बरे होणार नाही, हे मी जाणतो. त्याबद्दल तक्रार नाही. फक्त एक खुर्ची द्यावी. ती नियमात बसत नसल्यास माझी पुढील इंजेक्शने बंद करावीत व हीच लेखी संमती समजावी. तिला बाकावर सोडून मिळवलेले महिने मला नकोत.

मंगळवारच्या आत उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
दि. ९ ऑगस्ट

संमतीस साक्षीदार : (पत्नीची सही)
अर्जदाराशी नाते : ओळख नाही. गृहस्थ सज्जन वाटतात.

टीप : नात्याचा रकाना तिने स्वतः भरला आहे. तेव्हा मी तिच्यासाठी पाणी आणायला आत गेलो होतो.