चौथ्या नियमाखालचा अंगठा

प्रिय मगदूम सर,

उद्या सकाळी माझा पहिला तास आहे. एफ.वाय.च्या मुलांना निबंधलेखन शिकवायचं आहे, म्हणजे तुमचाच विषय! टेबलावर दोन कागद आहेत. एक तुम्ही आम्हाला पहिल्या दिवशी वाटलेला नियमांचा, सायक्लोस्टाइल केलेला आणि आता घड्यांवर फाटलेला. दुसरा माझा, कॉम्प्युटरवर टाइप केलेला. त्यात सगळे नियम उतरवून झालेत, फक्त चौथा राहिलाय. तो ठेवायचा की गाळायचा, हे तुमच्याशी बोलल्याशिवाय मला ठरवता येत नाही. आणि तुम्ही तर गेल्या महिन्यात निघून गेलात.

कसली घाई होती हो? रिटायर झाल्यावर तुम्ही म्हणाला होतात, "बावड्याला ये की एकदा, घरचा ऊस खायला." मी दर वेळी "येते सर, येते" म्हणत राहिले. तुम्ही गेल्याचंही मला पंधरा दिवसांनी कळलं. याची लाज वाटते.

काय एकेक नियम होते तुमचे! गाइड घरी ठेवावं. पहिला खर्डा फाडू नये, पक्क्या प्रतीला टाचून द्यावा, कारण खाडाखोड मला बघायची आहे. उशीर झाला तरी निबंध घेईन, पण उशिराचं कारण दहा ओळींत लिहून आणावं, आणि तेही वाचवेल असं असावं. एकदा आमची इचलकरंजीची एसटी हातकणंगल्याजवळ बंद पडली, तेव्हा त्या दहा ओळींना तुम्ही निबंधापेक्षा जास्त मार्क दिलेत. आठवतं?

आणि चौथा. "निबंध देण्याआधी घरातल्या एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवावा. ऐकणाऱ्याने विचारलेला प्रश्न खाली लिहावा. त्याखाली ऐकणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यावा." वर्गात खसखस पिकली होती. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, म्हशीला वाचून दाखवलं तर चालंल का?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "चालंल की. पर प्रश्न म्हशीचाच पायजे."

मी मात्र हसले नव्हते, आणि पहिल्याच निबंधाला अडकले. पहिला विषय होता "माझी आई", आणि तो मी गाइडमधून जसाच्या तसा उतरवला होता. त्यातली आई पहाटे उठून सडा घालायची, तुळशीला पाणी घालायची, गोड आवाजात गाणी म्हणायची. सर, आमच्या घरात तुळस कधीच नव्हती. फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती होती. आई दिवसभर मागाच्या शेडमध्ये बसून कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या नळीवर सूत गुंडाळायची. त्या खडखडाटात राहून घरीसुद्धा ओरडूनच बोलायची. तिच्यासमोर हे काय तोंडाने वाचणार होते मी? तिने पहिल्याच ओळीला विचारलं असतं, "ही बाई कोण म्हणायची?"

मग मी एक प्रश्न मनानेच रचला. "लेकी, आईचे ऋण कसे फेडशील?" असला काहीतरी. आणि सही? आईच्या सहीची नक्कल मला जमेना. म्हणून पोस्टात गेले आणि तिथल्या शाईच्या पॅडवर माझाच अंगठा टेकवून कागदावर उमटवला. सगळे अंगठे सारखेच दिसतात, अशी माझी समजूत.

एवढी हुशार मुलगी, आणि एक गोष्ट साफ विसरले. प्रवेशाच्या दिवशी फॉर्म घ्यायला टेबलावर तुम्हीच बसला होता. आईने तिथे सही केली होती. गल्लीतल्या विहारात बायकांचा संध्याकाळचा वर्ग भरायचा, तिथे ती त्याच वर्षी सही शिकली होती. एकेक अक्षर काढायला तिला वेळ लागत होता. मागे रांग कुरकुरत होती. मी मेल्याहून मेल्यासारखी उभी होते. तुम्ही म्हणालात, "सावकाश करा मावशी. गडबड न्हाय." घरी येताना एसटीत आई तीनदा म्हणाली, "सर लई चांगलं हायती."

निबंध परत मिळाला तेव्हा त्यावर मार्क नव्हते. तुळशीखाली पेन्सिलची एक बारीक रेघ होती, आणि अंगठ्याशेजारी तुमच्या अक्षरात लिहिलं होतं, "मावशींच्या हाताला काही लागलंय का?"

मी काय करावं? खरं बोलायचं की नाही? पण मी म्हणाले, "हो सर, कापलाय." पुढचे पंधरा दिवस जिन्यात, व्हरांड्यात, भर स्टाफरूमच्या दारात तुम्ही विचारत राहिलात, "काय गं, मावशींचा हात कसा हाय?" आणि मी दर वेळी मान खाली घालून, "बरा आहे."

दुसरा निबंध मी आईला खरंच वाचून दाखवला. तिच्या मागाच्या शेडबद्दल लिहिला होता. तिने विचारलं, "माझं कान दुखत्यात ते का न्हाय लिवलंस?" मी ते घातलं. तिने सही केली. तुम्ही ती बघितलीत आणि एवढंच म्हणालात, "हात बरा झाला म्हणायचा."

सर, आता तरी सांगा. तुम्हाला खरंच वाटलं होतं का आईचा हात कापलाय म्हणून? की सगळं कळूनही तुम्ही मला रोज एक संधी देत होता? रागावला का नाहीत? चार शब्द सुनावले असतेत तर त्याच दिवशी रडून मोकळी झाले असते. तुम्ही काळजी केलीत, आणि ती इतकी वर्षं माझ्या मानेवर बसली आहे. जिला सही येत होती, तिला मी कागदावर अंगठेबहाद्दर करून टाकलं. हे मी तुम्हाला सांगितलं नाही, आणि तिलाही नाही.

आमचे विभागप्रमुख म्हणतात, "मॅडम, चौथा नियम काढा. निम्मी पोरं कॅन्टीनमध्ये बसून एकमेकांच्या सह्या ठोकतील." खरंच आहे. ठोकतील. मीही ठोकलीच होती. पण तो नियम नसता तर शेडमधली आई माझ्या वहीत कधी आलीच नसती.

म्हणून ठरलं. चौथा नियम राहणार, तुमच्याच शब्दांत. खोट्या सह्या येतील तेव्हा मी वर्गात कुणाचं नाव घेणार नाही. घरच्या माणसाच्या हाताची चौकशी करीन, आणि खरं उत्तर येईपर्यंत करत राहीन. हा शब्द देते तुम्हाला.

तुमची,
एसटीने येणारी
सुनीता कांबळे

नियम चौथा : हे पत्र आज दुपारी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने विचारलेला प्रश्न असा : "मला सही येत हुती की गं. मग अंगठा का लावलास?"

तिने हात पुढे केला आणि पेन मागितलं. एकेक अक्षर काढायला तिला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागला. मी म्हटलं, सावकाश कर, गडबड नाही.

सही : शेवंता कांबळे