पाण्यात न फुगणारं लाकूड

बाबा,

तुम्ही कापून दिलेल्या पाईनच्या तुकड्यांपैकी सात अजून विद्यापीठात, माझ्या विभागातल्या खणात आहेत. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधली तुमची सुतारकामाची नोकरी संपली होती, हातांना चैन पडत नव्हतं, आणि मला प्रयोगासाठी एकसारखे तुकडे हवे होते. जुन्या खोक्याच्या फळ्यांतून तुम्ही ते कापलेत आणि प्रत्येकावर पेन्सिलीने बाण काढलात. बाण कशाला, असं विचारल्यावर तुम्ही वैतागलात. "धाग्यांची रेषा अशी जाते म्हणून. लाकूड लांबीत फुगत नाही, आडवं फुगतं. एवढी शिकलीस, कोणी सांगितलं नाही?" त्याआधी दोन आठवडे मी चुकीच्या बाजूने मोजत होते. ते मी तुमच्यापासून लपवलं.

मग तो रविवार. आई स्वयंपाकघरात सेव-उसळ वाढते आहे आणि मी ओट्यावर पाण्याचे दोन ग्लास ठेवले आहेत. एकात साधा तुकडा, दुसऱ्यात मी रसायनात शिजवलेला, व्हिनेगरसारखा वास येणारा. आदल्या संध्याकाळपासून दोन्ही भिजताहेत. तुम्ही स्वतःचं व्हर्निअर आणून दोन्ही मोजता. साधा फुगलाय, माझा जवळजवळ होता तसाच.

"सरस! ह्याची खिडकी केली तर चोमासात पावसाने फुगून अडकायची नाही ने." तुम्ही तुकडा उलटसुलट करून पाहता. "पण मग हे फुगतं कशात?"

"कशातच नाही."

"असं कसं? लाकूड आहे ते. पाण्याशी बोलणं बंद केलं, तर दुसऱ्या कोणाशी तरी बोलणारच ने?"

"बाबा, रसायनशास्त्र आहे हे. तुम्हाला नाही कळायचं."

आईने माझ्याकडे पाहिलं. तुम्ही पाव मोडलात आणि खायला लागलात. त्यानंतर माझ्या कामाबद्दल तुम्ही कधीच काही विचारलं नाहीत, आणि वर्षभरात गेलात. मला त्याचं वाईट वाटतं. अजून वाटतं.

या आठवड्यात माझ्या विद्यार्थिनीने तसेच साधे आणि शिजवलेले तुकडे वेगवेगळ्या द्रवांत भिजवले. ती घाबरून आली. "मॅडम, त्रण वार माप्युं, तिन्ही वेळा तेच माप. काहीतरी चुकलंय माझं." चुकलं नव्हतं. पाण्यात गप्प बसलेला तुकडा अ‍ॅसिटोनमध्ये साध्या लाकडापेक्षा जास्त फुगला होता. पाणी जिथे चिकटतं त्या जागा आपण रसायनाने झाकतो, आणि त्याच झाकणामुळे अ‍ॅसिटोनला आत शिरणं सोपं होतं. जगाला हे आधीपासून ठाऊक होतं, मी वाचलं नव्हतं इतकंच. तिने बाणाला आडवंच मोजलं होतं, तेवढं मी तपासलं.

हा कागद त्या सात तुकड्यांखाली ठेवून देते आहे. त्या रविवारी मी तुम्हाला "कशातच नाही" असं ठणकावून सांगितलं ना, तेव्हा मी पाण्याशिवाय दुसऱ्या कशात बुडवून पाहिलंच नव्हतं.