उर्जाचा जपानी नाच आणि माझ्या सात मिरच्या

ब्योब्लिंगेन (जर्मनी), रविवार

ती. वन्संना मालिनीचा सादर नमस्कार.

गुडघा कसा आहे? शेक चालू ठेवलाय ना, की मी नाही बघून बंद केलात? मी खुशाल आहे, वजन वाढलंय, पण तो दोष इथल्या ब्रेडचा. (फोनवर बोलले असते, पण फोन सिद्धेशच्या देखत लावावा लागतो आणि हे मुलासमोर बोलण्यासारखं नाही. शेजारची कौमुदी पुण्याला निघाली आहे, तिच्याबरोबर पत्र देते.)

जपानमध्ये पाच मुलींचा एक गाणारा-नाचणारा संच आहे. त्यांनी आई-आजीच्या काळातली गाजलेली गाणी घेऊन नाचाच्या ठेक्यावर नव्याने म्हटली आहेत. त्यांचा तो अल्बम आमच्या उर्जाचं दात घासणं सुरू झालं की सुरू होतो. पहिल्याच आठवड्यात मी बोलून गेले, काय बाई जुन्या गाण्यांची वाट लावलीये. (जपानीतलं एक अक्षर येत नसताना.) चौदा वर्षांची पोर ती. तिनं मूळ गाणं लावलं, मग नवं, मग परत मूळ. पोळ्या होईपर्यंत माझाच पाय ठेका धरायला लागला. आणि आईच्या इरकलीचा फ्रॉक मी नव्हता का शिवला तिला? मग उर्जा आणि तिच्या चार मैत्रिणी त्या गाण्यावर नाचणार म्हटल्यावर पाचही पोशाख मीच शिवले. शिवण मी शिकले ते यांचे शर्ट उसवून, तुम्हाला ठाऊकच आहे. वीणा म्हणाली, आई, दुकानातले वाटतात. (सून म्हणतेय, नोंद घ्यावी.)

काल इथल्या एका सभागृहात दरवर्षीचा जपानी मेळा होता, त्यात त्यांचा नाच. वेळ चार वाजून दहा मिनिटं. तीन महिने तालीम केली होती, आणि वेळ हुकली तर थेट पुढच्या वर्षी. पोशाखात उर्जा अशी काही दिसत होती की मला राहवेना. मीठ, मोहरी, गावाहून आणलेल्या शेवटच्या सात मिरच्या आणि लोखंडी पळी पर्समध्ये होतीच. स्टेजमागे लहानसं स्वयंपाकघर, त्याच्या दाराशी एकजण यंत्रावर वाफल (इथली जाळीदार गोड धिरडी) भाजून विकत होता. पोरीवरून ओवाळलं, ती गेली मैत्रिणींत, आणि मी शेगडीवर पळी ठेवली.

छतावरची पांढरी डबी अशी किंचाळली म्हणता. दोनशे माणसं रांगेने बाहेर, धक्काबुक्की नाही. मीही रांगेत, पळी नळाखाली धरून परत पर्समध्ये. ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हतीच असं आपण मानतो. काल अग्निशमनवाल्यांनासुद्धा लागला.

चार वाजून पाच. सभागृह संध्याकाळपर्यंत बंद. चौघींचं काजळ गालांवर आलं. उर्जा मात्र सिद्धेशला म्हणाली, बाबा, गाडीची चारही दारं उघड आणि आवाज वाढव. आणि वन्सं, चार दहाला, मिनिटभर इकडेतिकडे नाही, पार्किंगमध्ये नाच सुरू. हेल्मेटवाले हाताची घडी घालून बघत होते, ती सुटून टाळ्या वाजवायला लागली. प्रेक्षकांतल्या एक जपानी आजी पहिल्या ओळीपासून गुणगुणत होत्या. लोकांनी परत करायला लावलं. मला रडू आलं, ते धुराचं म्हणून खपून गेलं.

सगळ्यांचं म्हणणं पडलं की धूर वाफलच्या यंत्राचा. तो वाफलवाला बिचारा ज्याची त्याची माफी मागत होता. मी त्याच्याकडचे तीन वाफल खाल्ले, पण जीव हलका होईना.

गुडघ्याला जपा. लोभ आहेच, तो वाढता राहू दे.

तुमची
मालिनी

ता. क. खरं काम हे. सिद्धेशला तुम्ही फोन करून सांगा, आत्याचं तो ऐकून घेतो. आणि मला वाफलवाल्याकडे घेऊन जायला सांगा. माझं जर्मन ‘या’ म्हणजे हो आणि ‘गेनाऊ’ म्हणजे बरोबर, इथे संपतं, तेवढ्यावर माफी कशी मागू?

आणखी ता. क. (सोमवार) पाकीट परत उघडलं. फोन नको. उर्जाला वास पहिल्याच मिनिटाला कळला होता. आज तिनं बापाला सांगितलं, मला हाताला धरून वाफलवाल्याकडे नेलं आणि माझ्या वतीने सगळं कबूल केलं. तो हसत बसला. सप्टेंबरमध्ये मुलींना हायडेलबर्गला नाचायला बोलावलंय आणि पाचही जणींना दृष्ट काढून हवी आहे, मात्र उघड्यावर. तेव्हा कौमुदी परत येताना तिच्याबरोबर पाव किलो मिरच्या पाठवा, झणझणीत बघून. एक मूठ जास्तच घाला. वाफलवाल्याचीही काढायची आहे, त्याला दृष्ट माझीच लागली.