संशयित नजरकैदेत आहे

सोमवार, ३ मार्च
अमानवी गुन्हे शाखेतली पहिली मोठी केस. वरिष्ठ म्हणाले, दुसरं कुणी रिकामं नाही. म्हणजे विश्वास.
तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. शिवणकाम करणाऱ्या एक बाई तिथे गेल्या वर्षी वारल्या, पण जागा सोडत नाहीत. नवा भाडेकरू आला की त्याला आत कोंडतात. फिर्यादी घरमालक. गृहस्थ सज्जन वाटले, चहा पाजला. उद्या बाईंना ताब्यात घेतो. तासाभराचं काम.

मंगळवार, दुपार
आत शिरलो. दार मागे आपोआप लागलं. उघडत नाही. याचा अर्थ संशयितही बाहेर जाऊ शकत नाही. तिला नजरकैदेत घेतल्याचं हवालदाराला दाराआडून कळवलं. त्याने विचारलं, साहेब, नक्की कुणी कुणाला? त्याला चेष्टेची सवय आहे.

बुधवार
हवालदाराने सुतार आणला. ड्रिल वाकलं. मीच थांबवलं. दार फोडलं तर संशयित पसार होईल.
खिडकी वीतभर उघडते. शेजारच्या काकू त्यांच्या बाल्कनीतून काठीला पिशवी लावून पाव आणि केळी देतात.
संकल्प: रोज पन्नास जोर. आज दोन. फरशी गार आहे.

गुरुवार
चौकशी. बाई दिसत नाहीत, शिलाई मशीनपाशी नुसता आवाज. कबुली द्या म्हणून दरडावलं. त्या म्हणाल्या, मला काही सांगायचंय. मी म्हटलं, आधी माझे प्रश्न. त्यावर त्यांनी मशीन सुरू केलं ते संध्याकाळपर्यंत. संशयित खचत चालली आहे. माझं डोकं दुखतंय, ते पावामुळे.
भिंती कालपेक्षा जवळ वाटतात. मोजल्या नाहीत.

शुक्रवार
ही आली. घरी मी ट्रेनिंग सांगितलं होतं. हवालदार फितूर.
दाराबाहेर स्टूल टाकून बसली आणि थेट बाईंनाच विचारलं, काय झालं हो तुमचं? मग दोघी दुपारभर बोलल्या. लग्न झाल्यापासून माझ्याशी एवढी बोलली नसेल.
घरमालकाला जागा रिकामी हवी होती. बाईंना घाबरवायला त्याने बाहेरून कुलूप घातलं आणि निघून गेला. रात्री छातीत कळ आली. त्या दारावर थापा मारत राहिल्या. कुणी आलं नाही.
हातातलं केळं तसंच राहिलं.
शेवटी बाई म्हणाल्या, "मला कुणी सोडवलं नाही. पण ज्याने ज्याने अडकलोय म्हणून मला हाक मारली, त्याला मी सोडलं."
ही दाराला तोंड लावून म्हणाली, "अहो, मी अडकलोय म्हणा. तेवढंच म्हणा ना."
मी सांगितलं, ड्युटीवरचा अधिकारी अडकत नसतो. ती स्टूल उचलून गेली.

शनिवार
हिने ठाण्यात जाऊन सगळं सांगितलं. मग शेजाऱ्यांनाही कुलूप पाहिल्याचं आठवलं. घरमालकाला उचललं, त्याने कबूल केलं. वरिष्ठांनी फोनवर हिचं फार कौतुक केलं. मी म्हटलं, सगळं माझ्या योजनेप्रमाणेच झालं.
सकाळपासून मशीन बंद. संशयित गप्प राहून माझा अंत पाहतेय. पाहू दे.

रविवार, संध्याकाळ
पिशवी आली नाही. हवालदार ओ देत नाही. फोन मेलाय. जोर: शून्य.
बाईंना कसं वाटलं असेल, हे दिवसभर डोक्यातून जात नव्हतं.
शेवटी दाराला कपाळ टेकलं आणि हळूच म्हणालो, बाई, मी अडकलोय. उत्तर नाही. मोठ्याने म्हणालो. मग थापा मारल्या, दार ढकललं, खांदा लावला. रडलो. ही नोंद फक्त माझ्यापुरती.
बाहेर चपला वाजल्या. शेजारच्या काकू.
"अहो, बाई कालच गेल्या. दार उघडंच आहे. ढकलू नका, आत ओढा."
ओढलं. उघडलं.
विचारलं, मग मला कुणी सांगितलं का नाही?
म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, तुमची ड्युटी चालू आहे."